जुन्या जीपचं स्टेअरिंग आणि क्लच: ढिलाई आधी शोधा, पाना मग लावा

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी इथे वर्षानुवर्षं बनत राहिली. त्या घराण्यातल्या गाड्या अजूनही घाटमाथ्यावर, शेतात आणि हौशी लोकांच्या अंगणात उभ्या आहेत. त्यांच्या मालकांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात: स्टेअरिंग वीतभर फिरतं तरी चाक हलत नाही, आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो.

दोन्हींचं मूळ एकच आहे. या गाडीत हाताची किंवा पायाची हालचाल सात-आठ सांध्यांतून पुढे जाते. प्रत्येक सांध्यात अर्धा मिलिमीटर झीज झाली की शेवटच्या टोकाला हालचाल उरतच नाही. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा काय होतं? स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू कसतात, क्लचची केबल खेचतात आणि गाडी परत देतात. पंधरा दिवस बरं वाटतं. मग बॉक्सच्या आतली खाच मधोमध खाल्ली जाते आणि क्लच घसरायला लागतो. म्हणून स्क्रू आणि केबल यांना हात सगळ्यात शेवटी लावायचा.

इथे दिलेली कृती सीजे-३बी पद्धतीच्या रचनेसाठी आहे. म्हणजे रॉस कंपनीच्या पद्धतीचा कॅम-लिव्हर स्टेअरिंग बॉक्स, पुढच्या क्रॉस मेंबरवर (चॅसिसच्या आडव्या पट्टीवर) बेलक्रँक (हालचालीची दिशा वळवणारा फिरता आर्म), दोन टाय रॉड (तिथून चाकांकडे जाणारे दांडे), टी-९० हा तीन गिअरचा गिअरबॉक्स, त्यामागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) आणि केबलने किंवा दांड्याने चालणारा क्लच. नंतरच्या पूजो डिझेल इंजिनाच्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि क्लच वेगळे आहेत. शिवाय आज रस्त्यावरच्या बहुतेक जुन्या जीपमध्ये दुसऱ्याच गाडीचं काहीतरी बसवलेलं असतं. त्यामुळे माल आणण्याआधी गाडीखाली जाऊन काय आहे ते डोळ्यांनी बघा आणि जुना भाग सोबत घेऊनच दुकानात जा.

सुरुवातीची तयारी

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ओट (चाक सरकू नये म्हणून अडण) लावा. पुढचा भाग जॅकने उचलला की अ‍ॅक्सलखाली दोन घोड्या द्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. विटा किंवा सिमेंटचे ठोकळेही नकोत, ते एकदम फुटतात. ड्रॅग लिंकचे (ड्रॉप आर्मपासून बेलक्रँकपर्यंतच्या दांड्याचे) प्लग, टाय रॉडचे क्लॅम्प आणि ड्रॉप आर्मचा (स्टेअरिंग बॉक्समधून बाहेर येणाऱ्या आर्मचा) नट यांवर दोन दिवस आधीपासून सकाळ-संध्याकाळ गंज सोडवायचं तेल मारत राहा. एवढं केलं तर निम्मी मारामारी वाचते.

स्टेअरिंगसाठी लागणारा माल असा: टाय रॉड एंड चार (उजव्या आणि डाव्या आट्यांचे, दोन्ही प्रकार तपासून घ्या), ड्रॅग लिंकचा संच, बेलक्रँकची पिन आणि बेअरिंग, किंग पिनची (ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं तिची) टेपर रोलर बेअरिंगं चार, नकलची (चाकासोबत वळणाऱ्या सांध्याची) सीलं दोन्ही बाजूंची, शिमचा (पातळ पत्र्याच्या चकत्यांचा) संच आणि स्प्लिट पिनांचं एक पाकीट. किंग पिनच्या बेअरिंगचा नंबर कोनसाठी (आतला, रोलरचा भाग) ११५९० आणि कपसाठी (बाहेरची रिंग) ११५२० आहे. पुढच्या चाकांची बेअरिंगं १८५९० आणि १८५२०. हे प्रमाणित इंची नंबर आहेत. त्यामुळे 'जीपचं बेअरिंग द्या' म्हणण्यापेक्षा चांगल्या बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगा. माल जास्त भरवशाचा मिळतो. स्प्लिट पिन मात्र जुनी सरळ करून परत वापरायची नाही, एकही.

ढिलाई शोधणे

चाकं जमिनीवर असतानाच एकाला सीटवर बसवा. त्याने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडं-थोडं, जोर न लावता हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली बसून एकेका सांध्यावर बोटं ठेवायची, अशी की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला लगेच कळते. क्रम असा ठेवा: स्टेअरिंग शाफ्ट, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकचं मागचं टोक, पुढचं टोक, बेलक्रँक, टाय रॉडची चार टोकं, नकल. कुठे किती हलतं ते खडूने तिथेच लिहा.

याच वेळी स्टेअरिंग बॉक्स चॅसिसला जिथे बोल्ट केला आहे ती जागा नीट बघा. बोल्ट ढिले असतील तर स्टेअरिंग हलवताना अख्खा बॉक्सच हलताना दिसेल. त्या जागी चॅसिसला केसासारखी चीरही पडलेली असते, पण वरून रंग आणि चिखल असल्यामुळे दिसत नाही. तारेच्या ब्रशने लोखंड उघडं करा. चीर सापडली तर तिच्या दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडून मग वेल्डिंग करायचं आणि आतून पट्टी द्यायची. भोक न पाडता नुसतं वेल्डिंग केलं तर चीर वेल्डिंगच्या कडेने पुढे सरकते.

आता चाक उचला. वरून आणि खालून धरून ढकला-ओढा. हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ (ढिलेपणा) गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. तसाच राहिला तर किंग पिनचा. ही साधी चाचणी न केल्यामुळे चांगली बेअरिंगं उगाच बदलली जातात.

ड्रॅग लिंक आणि बेलक्रँक

ड्रॉप आर्मपासून बेलक्रँकपर्यंत जाणारा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. त्याच्या दोन्ही टोकांना नळीच्या आत वाट्या, स्प्रिंग आणि आट्यांचा प्लग असतो. खोलताना कुठली वाटी आणि कुठली स्प्रिंग कोणत्या बाजूने निघाली याचा फोटो काढा. दोन्ही टोकांचा क्रम सारखा नसतो आणि तो चुकला तर धक्का स्प्रिंगवर न जाता थेट हातात येतो.

सगळं रॉकेलमध्ये धुऊन बॉल तपासा. व्हर्नियरने दोन दिशांनी माप घ्या. बॉल अंडाकृती झाला असेल तर तो भागच बदलायचा. काही ठिकाणी झिजलेल्या बॉलवर वेल्डिंगचा थर देऊन तो घासून गोल करतात. स्टेअरिंगच्या बाबतीत हे अजिबात करू नका. तापल्यामुळे पोलादाचा कडकपणा बदलतो आणि बॉल मानेत तुटला तर गाडी वळवायचं साधनच उरत नाही.

जोडताना वाट्यांना ग्रीस लावा. प्लग बॉलवर पूर्ण टेकेपर्यंत कसा, मग मागे घ्या: बेलक्रँककडचा अर्धा फेरा, ड्रॉप आर्मकडचा एक पूर्ण फेरा. प्लगची खाच आणि नळीचं भोक जुळत नसेल तर थोडं आणखी सैल करून जुळवा, कसून नाही. घट्ट प्लगमुळे वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही.

बेलक्रँक हा या गाडीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे आणि बहुतेक ढिलाई तिथेच असते. तो पुढे, खाली, थेट चिखल-पाण्याच्या तोंडावर बसलेला असतो. त्याच्या ग्रीस निपलवर रंग मारलेला असतो किंवा आत माती घट्ट बसलेली असते, त्यामुळे आत ग्रीस वर्षानुवर्षं पोचतच नाही. आतली नीडल बेअरिंगं गंजून चुरा होतात आणि पिनेवर चर पडतात. हाताने वर-खाली हलवल्यावर बेलक्रँक डुलत असेल तर पिन, बेअरिंग, वॉशर आणि सील असा संच एकत्रच बदला. खाल्लेल्या पिनेवर नवी बेअरिंगं चार महिनेही टिकत नाहीत. नीडल बेअरिंगं मिळाली नाहीत तर लेथवाल्याकडून गनमेटलचे बुश करून घेता येतात. हा पर्याय चांगला चालतो, फक्त बुशला आतून ग्रीसची खाच आणि निपलसमोर भोक हवं. हे सांगितल्याशिवाय बहुतेक जण करून देत नाहीत. पिन क्रॉस मेंबरच्या ज्या ब्रॅकेटमध्ये आवळली जाते त्याचं भोकही मोठं झालंय का ते बघा. ते सैल असेल तर वर केलेलं सगळं काम फुकट जातं.

टाय रॉड आणि नकल

टाय रॉड एंड काढताना नट सैल करून आट्यांवर हातोडा मारू नका. आर्मच्या डोळ्याच्या दोन्ही बाजूंना दोन हातोडे समोरासमोर धरून एकदम मारा, टेपर आपोआप सुटतो. जुना एंड रॉडमधून काढताना किती फेऱ्यांत निघाला ते मोजून लिहा आणि नवा तेवढ्याच फेऱ्यांनी बसवा. त्यामुळे गाडी निदान हलवण्याइतकी सरळ राहते. नवा एंड बसवण्याआधी त्याच्या टेपरला मार्करने चार उभ्या रेघा मारा, भोकात दाबून थोडा फिरवा आणि काढा. रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर भोक चांगलं आहे. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला पुसल्या गेल्या तर आर्मचं भोक खाल्लेलं आहे आणि नवा एंडही तिथे हलत राहणार.

किंग पिनच्या बेअरिंगमध्ये एक खास दोष होतो. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रोलर एकाच जागी बसून खड्ड्यांचे धक्के खातात. कपवर तिथे बारीक चर पडतात. मग स्टेअरिंग मधोमध 'अडकल्यासारखं' लागतं आणि गाडी सरळ रेषेत ठेवायला सतत दुरुस्ती करावी लागते. कपवर बोटाचं नख फिरवा. चर लागले की बेअरिंग बदलायचं, शिम काढून कसायचं नाही.

नवी बेअरिंगं बसवल्यावर वरच्या कॅपखालच्या शिम कमी-जास्त करून ताण ठरवायचा. सील न लावता, टाय रॉड न जोडता नकल हाताने फिरवा. वर-खाली खेळ शून्य हवा आणि फिरताना सगळीकडे एकसारखा, थोडा जड लागला पाहिजे. सैल वाटला तर सगळ्यात पातळ शिम काढून पुन्हा तपासा. एकदम दोन-तीन शिम काढल्या तर स्टेअरिंग लोखंडासारखं जड होतं. सील सगळ्यात शेवटी लावा. सीलचा नमदा (फेल्ट) तेलात भिजवून घ्या आणि नकलचा गोल भाग बारीक पॉलिश पेपरने साफ करा. त्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवं सील पहिल्याच पावसाळ्यात फाटतं आणि आत पाणी जातं.

चाकाचं बेअरिंग कसताना चाक फिरवत नट कसा. चाक जड झालं की नट साधारण एक षष्ठांश फेरा मागे घ्या, मग लॉक वॉशर आणि दुसरा नट.

आता स्टेअरिंग बॉक्स

बाकीचं सगळं घट्ट झाल्यावरच बॉक्सकडे वळा. पुष्कळदा इथवर येईपर्यंत स्टेअरिंगचा खेळ इतका कमी झालेला असतो की बॉक्स उघडावाच लागत नाही.

या बॉक्सच्या शाफ्टवर नागमोडी खाच असलेला कॅम असतो आणि त्या खाचेत लिव्हरच्या दोन पिना फिरतात. खाच मधोमध मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, म्हणजे सरळ चालताना खेळ कमीत कमी राहावा. म्हणूनच बॉक्सची जुळवणी फक्त मधोमध असतानाच करायची. टोकाला असताना स्क्रू कसला तर मधे आल्यावर पिना खाचेत जाम होतात, आणि जोराने फिरवत राहिलं तर खाचेचा कडक थर उडतो.

ड्रॅग लिंक ड्रॉप आर्मपासून सोडवा. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर आणा. आधी शाफ्टचा उभा खेळ बघा. स्टेअरिंग व्हील धरून वर-खाली ओढा. हलत असेल तर बाजूच्या कव्हरवरचा स्क्रू सैल करा आणि वरच्या कव्हरखालच्या पातळ शिम एकेक करून काढा, शाफ्टचा खेळ जाईपर्यंतच. मग बाजूच्या स्क्रूचा लॉक नट सोडून स्क्रू हळूहळू आत घ्या. स्टेअरिंग मधून जाताना किंचित जडपणा लागला की थांबा आणि लॉक नट आवळा. टोकांकडे ते मोकळं फिरलं पाहिजे. मधे खेळ काढल्यावर टोकाला जड लागत असेल तर खाच मधोमध झिजलेली आहे. ती स्क्रूने भरून येत नाही. कॅम आणि लिव्हर दोन्ही बदलावे लागतात.

बॉक्स उघडावा लागला तर ड्रॉप आर्म आणि शाफ्टवर छिन्नीने खूण करून घ्या आणि आर्म पुलरनेच काढा. शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तर तो धक्का आतल्या पिनांवर जातो. स्टेअरिंग व्हीललाही पुलरच. हॉर्नची वायर शाफ्टच्या पोकळीतून जाते, ती आधी सोडवा. आत बघायचं ते एवढंच: पिनांची टोकं चपटी झालीत का, खाचेचे कडक थर उडालेत का, बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे आहेत का, आणि लिव्हर शाफ्ट बुशमध्ये हलतो का. बुश झिजले असतील तर नुसतं ऑइल सील बदलून गळती थांबत नाही, कारण शाफ्ट हलत असतो आणि सीलची कड त्याच्यासोबत जाऊ शकत नाही.

बॉक्समध्ये ९० किंवा १४० नंबरचं गिअर ऑइल भरा. ग्रीस भरू नका. गळतं म्हणून ग्रीस कोंबायची सवय फार पसरली आहे, पण पिना ग्रीस एकदा बाजूला सारतात आणि ते परत खाचेत येत नाही. मग लोखंडावर लोखंड घासत राहतं.

चाकं सरळ करणे

बेलक्रँक मधोमध, अ‍ॅक्सलशी काटकोनात आणून दोरीने तसाच बांधा. मूळ रिम असतील तर पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं आडवं अंतर सारखंच असतं, त्यामुळे साधी ताणलेली दोरी पुरते. मागच्या आणि पुढच्या टायरच्या बाहेरच्या अंगाला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोरी धरा. पुढचं टायर पुढे आणि मागे दोन्हीकडे दोरीला टेकेपर्यंत त्या बाजूचा टाय रॉड फिरवा. दुसऱ्या बाजूलाही तेच करा. दोन्ही सरळ झाली की एक टाय रॉड अर्धा फेरा अशा दिशेने फिरवा की चाकांचं समोरचं अंतर मागच्यापेक्षा कमी होईल. फरक ३/६४ ते ३/३२ इंच, म्हणजे साधारण १.२ ते २.४ मिमी हवा. टायरच्या मध्यावर खडूची रेघ मारून पुढून आणि मागून टेपने मोजा. क्लॅम्प आवळले की मगच ड्रॅग लिंक जोडा, स्टेअरिंगचे मोजलेले फेरे निम्म्यावर ठेवून.

रुंद टायर आणि बाहेर आलेले रिम लावलेल्या गाडीत हे सगळं लवकर परत ढिलं होतं. टायर जितकं बाहेर, तितका प्रत्येक खड्ड्याचा तडाखा किंग पिन आणि बेलक्रँकवर जास्त लांबीने बसतो. पुढची चाकं ठरावीक वेगाला थरथरत असतील तर आधी टायरचा बॅलन्स आणि हे सांधे बघा. स्टेअरिंग डँपर लावून थरथर लपते, झीज चालूच राहते.

क्लच: गिअरबॉक्स उतरवण्याआधी

गिअरबॉक्स उतरवणं दिवसभराचं काम आहे, म्हणून खात्री झाल्याशिवाय हात घालू नका. इंजिन मंद चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा, दहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही करकरत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी ओढत नाही, आणि जळका वास येतो: क्लच घसरतोय. आवाजांवरूनही खूप कळतं. न्यूट्रलमध्ये पेडल सोडलेलं असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा. दाबायला लागताच आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंगचा (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला दाबणारं बेअरिंग). गिअर टाकून क्लच पूर्ण दाबून उभं असताना किंकाळी येते तर फ्लायव्हीलमधल्या पायलट बुशचा (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक ज्यात टेकतं तो बुश).

क्लच सुटत नसेल तर आधी खालची जोडणी बघा. पेडलपासून आडव्या नळीपर्यंत, नळीपासून केबल किंवा दांड्यापर्यंत आणि तिथून फोर्कपर्यंत (रिलीज बेअरिंग ढकलणारा लिव्हर) प्रत्येक पिन आणि तिचं भोक तपासा. भोकं अंडाकृती झालेली असतात, आडव्या नळीची टोकं बसक्यांमध्ये डुगडुगतात आणि केबलचे एकदोन धागे तुटलेले असतात. चार ठिकाणची झीज मिळून पेडलचा दीड-दोन इंच प्रवास वाया जातो. भोकं भरून नव्याने पाडली, पिना बदलल्या आणि नळीच्या टोकांना नवे बुश दिले की पुष्कळ गाड्यांचा क्लच तिथेच सुधारतो.

इंजिनाचे रबर माउंटही बघा. इंजिन पुढे-मागे ओढलं जाऊ नये म्हणून मूळ गाडीत एक स्टे केबल असते, ती बहुतेक गाड्यांतून गायब झालेली आहे. तिच्याशिवाय आणि फाटक्या माउंटवर, क्लच दाबला की इंजिनच सरकतं. मग क्लच सोडताना गाडी गचके देते आणि दोष प्लेटवर जातो.

उतरवणे आणि तपासणे

बॅटरीची तार काढा, गिअर ऑइल रिकामं करा. फरशीवरची झाकणी, गिअरचं वरचं कव्हर, ट्रान्सफर केसचे दोन्ही लिव्हर, पुढचा-मागचा प्रॉपेलर शाफ्ट, स्पीडोमीटरची केबल, ट्रान्सफर केसवरच्या हँडब्रेकची जोडणी आणि क्लचची केबल सोडवा. गिअरबॉक्स निघाला की इंजिनाचा मागचा आधार जातो. म्हणून तेलाच्या चेंबरखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा. इंजिन मागे कलताना पंखा रेडिएटरला लागत नाही ना ते बघा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्र बाहेर येतात. हे वजन ट्रॉली जॅकवरच घ्या आणि सरळ मागे ओढा. शाफ्ट प्लेटमध्ये असताना गिअरबॉक्स लोंबकळू दिला तर प्लेटचा मधला भाग वाकतो.

बेलहाउसिंग काढा. प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर पंचने खूण करा. बोल्ट आळीपाळीने, प्रत्येक वेळी अर्धा-एक फेरा सैल करा, नाहीतर प्रेशर प्लेटचं कव्हर वाकतं. आतली धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये (प्लेटवरच्या घर्षणाच्या थरात) अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला मास्क लावा.

लायनिंगवर तेल दिसलं तर नवी प्लेट टाकण्याआधी ते कुठून आलं ते शोधा. इंजिन ऑइल पातळ आणि काळं असतं, ते मागच्या मेन बेअरिंगच्या सीलमधून येतं. गिअर ऑइल जाड आणि उग्र वासाचं असतं, ते गिअरबॉक्सच्या पुढच्या बाजूने येतं. गळती न थांबवता टाकलेली प्लेट पुन्हा घसरणार.

प्लेटच्या रिव्हेटचं डोकं आणि लायनिंगचा पृष्ठभाग यांत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी अंतर असेल तर प्लेट बदला किंवा लायनिंग मारून घ्या. लायनिंग मारायला देण्याआधी मधल्या स्प्रिंगा खुळखुळत नाहीत आणि स्प्लाइन (शाफ्टवर सरकणारे दाते) झिजलेले नाहीत हे बघा. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि बारीक चिरा असतील तर लेथवर कमीत कमी कट घेऊन साफ करा. परत बसवल्यावर बाहेरच्या कडेला डायल गेज लावा. फेरीत ०.००५ इंचापेक्षा, म्हणजे ०.१३ मिमीपेक्षा जास्त डोलता कामा नये. जास्त असेल तर फ्लायव्हील आणि क्रँकच्या मधे कचरा किंवा गंज अडकलेला असतो. प्रेशर प्लेटचे तिन्ही फिंगर (रिलीज बेअरिंग ज्यांना दाबतं ते लिव्हर) सारख्या उंचीवर हवेत. एक जरी वर-खाली असेल तर प्लेट तिरकी सुटते आणि कितीही केबल खेचली तरी रिव्हर्स करकरतोच.

पायलट बुश प्रत्येक वेळी बदला, फार स्वस्त भाग आहे. जुना काढायला भोकात ग्रीस ठासून भरा आणि भोकात घट्ट बसेल अशी सळई हातोडीने आत ठोका, ग्रीसच्या दाबाने बुश बाहेर येतो. नवा रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. रिलीज बेअरिंग मात्र पेट्रोल-डिझेलमध्ये कधीही धुऊ नका, आतलं ग्रीस निघून जातं.

जोडणे

हात स्वच्छ ठेवा. प्लेटचा लांब बाहेर आलेला मधला भाग गिअरबॉक्सकडे ठेवा. प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असेल तर तीच प्रमाण. जुना इनपुट शाफ्ट घालून प्लेट मधोमध धरा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडेथोडे आवळा. स्प्लाइनला ग्रीसचा पातळ हात पुरे, जास्त लावलं तर ते उडून लायनिंगवर जातं. फोर्कच्या टेकूच्या बॉलला वाटाण्याएवढं ग्रीस लावा आणि रिलीज बेअरिंगची परत खेचणारी स्प्रिंग विसरू नका. ती नसली तर बेअरिंग फिंगरला सतत घासत राहतं.

गिअरबॉक्स चढवताना शेवटचा अर्धा इंच राहिला आणि पुढे जात नसेल तर बोल्टने खेचू नका. वरचा गिअर टाकून मागचा फ्लँज थोडा फिरवा, स्प्लाइन जुळले की तो हाताने सरकतो. बोल्टने खेचल्यावर पायलट बुश फुटतो किंवा प्लेट वाकते.

सगळ्यात शेवटी केबल. पेडल हाताने दाबून बघा. वरचा २० ते २५ मिमी प्रवास मोकळा हवा, त्यानंतर फिंगरचा ताण लागला पाहिजे. लायनिंग झिजत जाते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि फिंगरची टोकं बेअरिंगकडे येतात, म्हणजे हा मोकळा प्रवास आपोआप कमी होत जातो. तो शून्य झाला की क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो आणि जळतो. नव्या लायनिंगवर पहिले काहीशे किलोमीटर बसण्याचे असतात, त्यात चढावर क्लचवर गाडी धरून ठेवू नका.

पहिल्या १०० किमीनंतर गाडी पुन्हा घोड्यांवर घ्या. ड्रॉप आर्मचा नट, बॉक्सचे चॅसिसवरचे बोल्ट, टाय रॉडचे क्लॅम्प आणि बेलक्रँकची पिन पान्याने तपासा, सगळ्या स्प्लिट पिना मोजा, बेलक्रँकच्या निपलला ग्रीस द्या आणि पेडलचा मोकळा प्रवास परत मोजून जुळवून घ्या.